'खर्च भागविणे' : एका क्रियापदाची परीक्षा

इंग्रजीतील 'डिफ्रे' हे क्रियापद फ्रेंच भाषेतून आलेले आहे. त्या भाषेत 'फ्रे' म्हणजे खर्च; तेव्हा आजच्या वापरात या क्रियापदाला खर्चावाचून दुसरे कर्म सहसा रुचत नाही, यात नवल नाही. भारताच्या संसदेत दरवर्षी संमत होणाऱ्या विनियोजन अधिनियमांत ते आपल्या ठरलेल्या जागी विराजमान झालेले आढळते. त्याला मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे.

पैसा देण्याच्या क्रियापदांची आपल्याकडे वाण नाही. ऋण फेडावे, दंड भरावा, देणे चुकते करावे, भुर्दंड सोसावा. यांत अदलाबदल खपत नाही. 'चुकते करणे' व 'चुकविणे' ही दिसण्यात सख्खी भावंडे. परंतु पहिल्याने देणे संपते, तर दुसऱ्याने देणेकरी निसटतो. हिंदीतील 'चुकाना'च्या अनुकरणाने 'आम्ही कर चुकविला' असे जो अभिमानाने लिहील, तो मराठी वाचकापुढे अपराधाची कबुलीच देईल.

'डिफ्रे'साठी 'भागविणे' हा शब्द आता रूढ झाला आहे. तहान भागते, गरज भागते, तसाच पगारात घरखर्च भागतो किंवा भागत नाही. म्हणजे या क्रियापदाची दृष्टी रकमेच्या पुरेपणाकडे असते. ती कोणाच्या पदरची, याकडे नसते. 'सोसणे' मात्र भार वाहणाऱ्या माणसाकडे पाहते. इंग्रजी शब्द तर संपूर्ण खर्चास लागतो, तसा अंशतः दिलेल्या साहाय्यासही लागतो. त्या दुसऱ्या अर्थी आपला शब्द 'हातभार लावणे' हाच होय.

'सदर खर्च मंजूर अनुदानातून भागविण्यात यावा,' या धाटणीचे वाक्य महाराष्ट्रातील शासन निर्णयांत नित्य येते. तेथे त्यास आमचा आक्षेप नाही. हिशेबनिसाला कोणत्या शीर्षाखाली रक्कम टाकावयाची एवढेच कळावयाचे असते. पण हीच कर्तृहीन रचना खाजगी संस्थांच्या पत्रकांत शिरली, म्हणजे अनर्थ होतो. 'विद्यार्थ्यांचा खर्च भागविण्यात येईल,' असे वाचून एखादा गरीब मुलगा परगावी शिकावयास निघाला, तर त्याने काय समजावे? खर्च कोण देणार? सगळा की थोडा? राहण्याचा की जेवणाचाही? उत्तर कळेपर्यंत कदाचित त्याच्या बापाने कर्ज काढलेले असेल.

म्हणून आमचे म्हणणे असे की, निधीविषयी लिहिताना 'भागविणे' खुशाल योजावे. माणसाने वा संस्थेने भार घेतला असेल तर 'अमुक संस्था सर्व खर्च सोशील' असे कर्त्यासह लिहावे. आणि थोडीच मदत द्यावयाची असेल तर 'हातभार' म्हणण्यास लाजू नये. भाषेचे सौष्ठव राहो बाजूला. पैसे कोणी द्यावयाचे हे वाचणाऱ्यास आधी कळावे, एवढा त्याचा हक्क आहे.