कळपाचे गणित आणि एका हरणाचा मृत्यू : आल्डो लिओपोल्ड यांच्या शिकारविचाराचे पुनर्वाचन

प्रस्तावना

अमेरिकेतील पर्यावरणविचारात आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) यांचे स्थान मूलभूत स्वरूपाचे आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अ सँड काउंटी ऑल्मनॅक’ हा ललितलेखसंग्रह आज अभिजात मानला जातो. या संग्रहातील ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा चार-पाच पानांचा लेख सर्वाधिक चर्चिला गेला. लांडग्याची बाजू मांडणारा लेख म्हणून तो सामान्यतः वाचला जातो आणि ते वाचन चुकीचे नाही. परंतु लांडगा हा या लेखाचा नायक असला, तरी त्याचा विषय हरणांचा कळप हा आहे. कळप किती असावा, तो कोणी आटोक्यात ठेवावा आणि त्यासाठी मारणाऱ्याने कोणती जबाबदारी पत्करावी, हे प्रश्न लेखाच्या मुळाशी आहेत. या दृष्टीने लेखाचे वाचन करून त्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादा स्पष्ट करणे, तसेच अमेरिकेतील हरणांच्या शिकारीच्या आजच्या स्थितीवर त्यातून कोणता प्रकाश पडतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पीक ते कबुली

लिओपोल्ड हे आयुष्यभर शिकारी होते, ही गोष्ट त्यांचे चाहते अनेकदा विसरतात. येल येथे वनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९०९ मध्ये वनसेवेत दाखल झाले आणि अॅरिझोना–न्यू मेक्सिकोच्या प्रदेशात रुजू झाले. लांडगे, प्यूमा यांसारख्या भक्षकांचा नायनाट करावा म्हणजे शिकाऱ्यांसाठी हरणे वाढतील, असे त्या काळचे सरकारी धोरण होते. तरुण लिओपोल्ड या धोरणाचे नुसते अनुयायी नव्हते, तर उत्साही प्रचारक होते. १९३३ मध्ये त्यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात ते या विषयाचे प्राध्यापक झाले. या ग्रंथाची परिभाषा शेतीची आहे. वन्य प्राणी हे जमिनीतून दरवर्षी निघणारे पीक, आणि ते टिकून राहील अशा बेताने काढणे हे व्यवस्थापकाचे कौशल्य, अशी त्याची मांडणी आहे.

‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा लेख १९४४ मधील आहे. अकरा वर्षांच्या या अंतरात बदललेली पहिली गोष्ट म्हणजे भाषा. पिकाची परिभाषा येथे उरलेली नाही. लेखाच्या आरंभी रात्रीच्या अंधारात लांडग्याची आरोळी डोंगरातून घुमते आणि ती ऐकणारा प्रत्येक जण तिचा आपापला अर्थ लावतो. हरणाला ती मरणाची आठवण वाटते, गुराख्याला बँकेतील तोट्याची, शिकाऱ्याला आव्हानाची. या सर्वांपलीकडचा अर्थ फक्त पर्वताला कळतो. त्यानंतर निवेदक आपल्या तारुण्यातील एक प्रसंग सांगतो. नदी ओलांडून आलेली लांडगी आणि तिची वाढलेली पिल्ले दिसताच सोबत्यांसह त्याने बंदुका रिकाम्या केल्या. जवळ जाऊन पाहतो तो लांडगीच्या डोळ्यांतील हिरवट तेज विझत होते. त्या तेजाचा अर्थ लांडग्याला आणि पर्वताला ठाऊक होता, आपल्याला नव्हता, हे निवेदकाला पुढे अनेक वर्षांनी उमगते.

या कबुलीमागे एक वाङ्मयीन इतिहास आहे. लिओपोल्ड यांचे शिष्य व चित्रकार अल्बर्ट हॉकबाउम यांनी हस्तलिखितातील लेख वाचून त्यांना एक उणीव दाखवून दिली होती. लांडग्यांच्या नाशाबद्दल लेखक हळहळतो, पण त्या नाशात त्याचा स्वतःचा हात होता हे तो कोठेच सांगत नाही, असा त्या आक्षेपाचा आशय होता. ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हे या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. म्हणून हा लेख परिस्थितिविज्ञानाचा पाठ म्हणून वाचण्यापूर्वी एका मारणाऱ्याचे निवेदन म्हणून वाचला पाहिजे. त्याचे नैतिक बळ त्यातील सिद्धान्तापेक्षा ‘हे मी केले’ या स्वीकारात अधिक आहे.

कायबाबचा आलेख

लेखातील सिद्धान्ताला मात्र एका प्रत्यक्ष घटनेचा आधार होता. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडील कायबाब पठारावर १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी राखीव क्षेत्र घोषित केले. तेथे हरणांच्या शिकारीला बंदी झाली आणि भक्षक प्राणी मोठ्या प्रमाणावर मारण्यात आले. प्रचलित कथनानुसार सुमारे ४,००० म्यूल हरणांची संख्या १९२४ पर्यंत १,००,००० वर गेली. पाला संपला, वाढती झाडे खुरटली आणि पुढील हिवाळ्यांत हजारो हरणे उपासमारीने मेली. कळप कमी करण्यासाठी केंद्र सरकारने हरणे मारण्यास आरंभ केला, तेव्हा अॅरिझोना राज्याने विरोध केला. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या जमिनीच्या रक्षणासाठी हरणे मारण्याचा केंद्राचा अधिकार न्यायालयाने १९२८ मध्ये मान्य केला.

लिओपोल्ड यांनी १९४३ मध्ये या घटनेचा आलेख मांडला आणि तो पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र पोहोचला. १९७० मध्ये ग्रॅम कॉली यांनी या आलेखाच्या पायालाच हात घातला. १९२४ मधील अंदाज ३०,००० पासून १,००,००० पर्यंत पसरलेले होते, त्यांपैकी सर्वांत मोठा आकडा उचलला गेला होता आणि भक्षकांच्या नाशाखेरीज मेंढ्या-गुरांची चराई कमी होणे यांसारखी अन्य कारणेही संभवत होती, असे त्यांनी दाखवले. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कायबाबवरील अॅस्पेन वृक्षांची वये तपासण्यात आली. हरणे अतिरिक्त असल्याचे सांगितले जाते त्या काळात रुजून वाढलेली झाडे फारच थोडी आढळली. म्हणजे आकडे डळमळीत असले, तरी पर्वताच्या अंगावरील खूण लिओपोल्ड यांच्या बाजूने साक्ष देते.

समीक्षेच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग निराळाच आहे. लेखाच्या प्रभावाने आकडा सत्यासारखा रूढ झाला. ज्या लेखात संख्या जवळजवळ नाहीत, त्याने एका संख्येला दीर्घायुष्य दिले.

ज्याला डोळे नाहीत तो प्राणी

लेखाच्या प्रतिमासृष्टीकडे बारकाईने पाहिल्यास एक विषमता लक्षात येते. लांडगीला डोळे आहेत, तिची एक विशिष्ट वेळ व विशिष्ट जागा आहे, तिचा मृत्यू हा एका जिवाचा मृत्यू आहे. हरणाला यांतील काहीच नाही. ते आरंभी एका वाक्यात भयभीत श्रोता म्हणून येते, नंतर झुडपे ओरबाडणारा समुदाय म्हणून आणि शेवटी उपाशी मेलेल्या कळपाची हाडे म्हणून. हरणाला लांडग्याचे भय असते तसे पर्वताला हरणांचे भय असते, ही लेखातील कल्पना विलक्षण प्रभावी आहे. पण तिच्यात हरीण केवळ बहुवचनात उरते.

हा लेखकाच्या कुवतीचा प्रश्न नव्हे, हे त्याच ग्रंथातील डिसेंबरच्या लेखावरून सिद्ध होते. तेथे चिकडी जातीच्या एका चिमुकल्या पक्ष्याची गोष्ट आहे. त्याच्या पायात ६५२९० या क्रमांकाचे कडे आहे आणि पाच हिवाळे तो तग धरून राहिला आहे. त्या लेखात क्रमांक हेच नाव होते. संख्या एका जिवाकडे बोट दाखवते. हरणांच्या बाबतीत नेमके उलट घडते, जीव संख्येत विरघळतो.

तत्त्वचिंतक टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये लिओपोल्ड यांच्या भूमिनीतीला ‘पर्यावरणीय फॅसिझम’ म्हटले, त्याचे मूळ येथे आहे. समष्टीच्या हितासाठी व्यक्तीचा बळी देता येतो, असे मानणाऱ्या नीतीत हरणाला हक्क कोठला, असा त्यांचा प्रश्न होता. गॅरी वार्नर यांनी पुढे मध्यममार्ग सुचवला. ज्या जातींची संख्या वारंवार धारणक्षमतेबाहेर जाते, त्यांची शिकार ही त्याच प्राण्यांची उपासमार टाळणारी ठरू शकते, म्हणून प्राण्यांविषयी आस्था असणाऱ्यांनाही ती मान्य होण्यासारखी आहे, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद सयुक्तिक आहे. तथापि तोही हिशेबाचाच युक्तिवाद आहे. मारणाऱ्याने मरणाऱ्याकडे पाहिले पाहिजे, ही लिओपोल्ड यांच्या लेखातील अट त्यात येत नाही. रेगन यांचा आक्षेप लेखातील पर्वताला लागू पडतो, लेखातील निवेदकाला नाही. जो डोळ्यांत पाहतो आणि आपला दोष सांगतो, त्याने व्यक्तीला समष्टीत बुडवलेले नसते. लेखाची अडचण एवढीच की ही नजर लांडगीला मिळाली, हरणाला मिळाली नाही.

विस्कॉन्सिन : नीतीची कसोटी

लेख लिहिला गेला तेव्हा लिओपोल्ड विस्कॉन्सिन राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य होते. तेथील पांढऱ्या शेपटीची हरणे जंगलाला न पेलण्याइतकी वाढली होती. १९४३ च्या हंगामात शिंगाळ्या नरांबरोबर माद्या व पाडसेही मारण्यास मुभा देण्यात आली आणि राज्यात संतापाची लाट उसळली. आयोगाच्या विरोधात स्वतंत्र वृत्तपत्र निघाले. मादी मारणे हे शिकाऱ्यांच्या परंपरेला हीनपणाचे वाटत होते. ही परंपरा कालपरवा संवर्धकांनीच रुजवली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात पाच लाखांच्या आत उरलेली ही हरणे वाचवायची, तर माद्या राखल्या पाहिजेत असे त्यांनीच शिकवले होते. आज ही संख्या सुमारे ३ कोटी मानली जाते.

पुढील घटना हाच पेच अधिक तीव्र करतात. २००२ मध्ये विस्कॉन्सिनमधील हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा असाध्य रोग आढळला. रोगग्रस्त पट्ट्यातील हरणे जवळजवळ संपवण्याची योजना शासनाने आखली. शिकाऱ्यांकडून अपेक्षित साथ मिळाली नाही. नर मारण्यापूर्वी मादी किंवा पाडस मारण्याची सक्ती करणारा नियम १९९६ पासून काही भागांत लागू होता, तोही २०११ मध्ये विधिमंडळाने रद्द केला. व्यवस्थापकांनी या विरोधाला अज्ञान म्हटले, परंतु ते पूर्ण उत्तर नव्हे. नोव्हेंबरमधील नऊ दिवसांच्या हंगामात बापाबरोबर रानात जाणे, एका हरणासाठी थंडीत तासन्‌तास बसणे, त्याचे मांस घरी आणून वाटून खाणे, हे तेथील शिकारीचे रूप आहे. जे खायचे नाही, ज्याचा माग काढायचा नाही, ते केवळ संख्या घटवण्यासाठी मारणे या माणसांना शिकार वाटत नव्हते. शिकारीचे नाते एका हरणाशी असते, व्यवस्थापनाचे नाते कळपाशी असते. लिओपोल्ड यांच्या आयुष्यात ही दोन नाती एका माणसात नांदली. समाजात ती फुटून वेगळी झाली.

आता मारणाऱ्यांचीच संख्या घटते आहे. केंद्रीय सर्वेक्षणानुसार सोळा वर्षांवरील शिकारी २०११ मध्ये १ कोटी ३७ लाख होते, ते २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख झाले. २०२२ चा आकडा यापेक्षा मोठा असला, तरी सर्वेक्षणाची पद्धत बदलल्याने ही तुलना सरळ नाही. परवान्यांचे शुल्क आणि १९३७ च्या कायद्यान्वये बंदुका-काडतुसांवर आकारला जाणारा कर हा राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा मुख्य आधार आहे. त्यामुळे हरणे कमी करू पाहणाऱ्या खात्याला हरणे भरपूर हवी असणाऱ्यांवर अवलंबून राहावे लागते.

दुसरीकडे लांडगा परतला आहे. विस्कॉन्सिनमधून १९६० च्या सुमारास नाहीसा झालेला हा प्राणी १९७० च्या दशकात मिनेसोटातून पुन्हा आला. लांडगे असलेल्या परगण्यांत हरणे वाहनांवर आदळण्याचे अपघात सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने लांडग्याचे संरक्षण पुन्हा लागू झाले. सत्तर-पंचाहत्तर वर्षे हा लेख वाचला गेला. त्यातील युक्तिवाद अनेकांनी स्वीकारला, कबुली फार थोड्यांनी.

शब्दांची साक्ष

या संदर्भात व्यवस्थापनाच्या अहवालांतील एक शब्द लक्षणीय आहे. तेथे हरीण मारले जात नाही, त्याची ‘हार्वेस्ट’ म्हणजे कापणी होते. हा १९३३ च्या लिओपोल्ड यांचा वारसा आहे, १९४४ च्या नव्हे. मराठीतील शिकार किंवा पारध या शब्दांत मारणारा आणि मरणारा दोघेही दिसतात. सुगीच्या शब्दांत दोघेही दिसेनासे होतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचे दार बंद केले, म्हणून हा प्रश्न सर्वस्वी परका ठरत नाही. उभ्या पिकांना घातक झालेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. अशा वेळी मारणारा कोण, आणि त्या मृत्यूला कोणत्या शब्दाने ओळखायचे, हे प्रश्न तेथेही उभे राहतात.

समारोप

‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ या लेखाने कळपाचा विचार दीर्घ काळाच्या मापाने करायला शिकवले, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. लांडग्याने नेलेल्या हरणाची जागा दोन-तीन वर्षांत भरून येते, ओरबाडलेले कुरण तितक्याच दशकांतही भरून येईलच असे नाही, हा त्यातील इशारा आजही खरा आहे. हरणे मारावी लागतील, हा निष्कर्षही टाळता येण्यासारखा नाही. परंतु पर्वतासारखा विचार करणे माणसाला पूर्णतः शक्य नाही आणि उचितही नाही, कारण पर्वताला मारावे लागत नाही. गोळी माणूस झाडतो. म्हणून कळपाचे गणित मांडणाऱ्याने लांडगीच्या डोळ्यांत पाहणाऱ्या त्या तरुणाची जागा सोडता कामा नये. लिओपोल्ड यांनी ती नजर हरणाकडे वळवली नाही, ही त्यांच्या लेखाची मर्यादा होय. ती वळवण्याचे काम शिकाऱ्यापुढे, व्यवस्थापकापुढे आणि त्यांच्या वाचकापुढे अद्याप शिल्लक आहे.