यमुना, यमू आणि कायदा

आपली कादंबरी इंग्रजी वाचनातून जन्मली, म्हणून ती उसनी, असा आक्षेप घेण्याचा प्रघात आहे. आमच्या लोधीखेड्यात मराठी आणि हिंदी एकाच ओट्यावर बसतात; तेथे उसनवारीचा असा बाऊ कोणी करीत नाही. रूप कोठून आले याहून, त्या रूपातून कोण बोलले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

१८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध ठरविला. पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. पुढल्याच वर्षी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते. पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि कथेचा ओघही त्याच दिशेने जातो. तेवढ्यावरून, देवळात पुराण ऐकत वाढलेल्या आपण हे पुस्तक दूर सारणे न्यायाचे नव्हे. वकिलाचा हेतू निराळा असला म्हणून साक्षीदार खोटा ठरत नाही. केशवपनाची साक्ष खरीच होती. उणीव आहे ती कलेची: निकाल आधीच ठरलेला आहे, आणि त्या विधवा केवळ पुराव्यासाठी उभ्या केल्या आहेत.

हरि नारायण आपट्यांनीही उसनवारीनेच आरंभ केला. १८८५ ची ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या कादंबरीवर बेतलेली होती. परंतु १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली, तेव्हा मधला वकील नाहीसा झाला. यमू आपली हकीकत स्वतःच सांगते. पतीने तिला लिहावाचायला शिकविले, प्रेम दिले. तो गेल्यावर तिचे बळजबरीने केशवपन होते. हे सारे आपल्याच माजघरातले, आपल्याच घरगुती मराठीत सांगितलेले. वाचकाला पळवाट उरत नाही.

कादंबरी छापून होत असतानाच १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रणे माजली. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेण्याचा तो प्रश्न. त्या वादात पुढारी बोलले, शास्त्री बोलले. जिच्याविषयी वाद, ती मुलगी क्वचितच बोलली. तिचे बोलणे कादंबरीत उमटले.

कायदा परवानगी देतो. ती वापरण्याचे बळ घरातील माणसांच्या मनांतून यावे लागते. ती मने हलविण्याचे काम यमूने केले. परकीय प्रभाव पचला की नाही, हे ओळखण्याची खूण हीच.