कमी उंचीच्या इमारतींतील तुळया आणि भूकंप : तुलनेच्या निकषांची चिकित्सा

कमी उंचीच्या प्रबलित काँक्रीट इमारतींत कोणत्या प्रकारची तुळई भूकंपास अधिक समर्थ ठरते, हा स्थापत्य अभियांत्रिकीतील विद्यार्थी-प्रकल्पांचा रूढ विषय आहे. नेहमीची खोल तुळई, छतात लपविलेली रुंद तुळई आणि टोकांशी खोली वाढविलेली तुळई यांची संगणकीय प्रतिमाने तयार केली जातात. मजल्यांचे विस्थापन मोजून सर्वांत कमी विस्थापनाची रचना श्रेष्ठ ठरविली जाते. विस्थापनावर मर्यादा हवी, हे खरेच; तथापि केवळ त्यावरून श्रेष्ठत्व ठरविणे सदोष आहे.

रेषीय विश्लेषणात तुळईची ताठरता तिच्या छेदावरून घेतली जाते. समान छेदाच्या दोन तुळयांपैकी एकीच्या टोकांशी रिंगा जवळजवळ बांधून 135 अंशांत वळविल्या आणि दुसरीत त्या विरळ ठेवून 90 अंशांतच वळविल्या, तरी विश्लेषणाचे आकडे सारखेच येतात. तीव्र भूकंपात मात्र पहिली तुळई वाकूनही भार पेलू शकते. दुसरी ठिसूळपणे निकामी होण्याचा धोका मोठा असतो.

याहून गंभीर दोष असा की, तुळई जितकी बळकट तितकी इमारत सुरक्षित, असे गृहीत धरले जाते. 26 जानेवारी 2001 रोजीच्या भूज भूकंपात केंद्रापासून 200 किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती कोसळल्या. तेथे प्रश्न तुळयांच्या दुबळेपणाचा नव्हता. तळमजल्याचे सडपातळ स्तंभ आधी निकामी झाले. भारतीय मानक 13920 च्या 2016 मधील आवृत्तीने म्हणूनच तन्य चौकटीच्या सांध्याशी स्तंभांची एकत्रित नमनक्षमता तुळयांच्या किमान 1.4 पट असावी, असे सांगितले. तुळई आधी नमावी आणि स्तंभ उभा राहावा, हा त्यामागील विचार होय. स्तंभ तसाच ठेवून तुळई खोल केल्यास विस्थापन घटते. पण हे गुणोत्तर बिघडू शकते. अशा वेळी तुलनेत पहिली आलेली रचनाच अधिक घातक ठरण्याचा संभव असतो.

सारांश, तुळईची परीक्षा एकट्या तुळईवर घेता येत नाही. प्रकल्प तपासताना सांध्यातील बलगुणोत्तर, रिंगांची मांडणी आणि प्रथम कोणता घटक नमतो, हे तीन प्रश्न मार्गदर्शकांनी विचारणे आवश्यक आहे. आजचा विद्यार्थीच उद्या एखाद्या गावातील दुमजली घराचा आराखडा करणार आहे.