घर, उंबरठा आणि वीण : ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ आणि ‘आयदान’

सान्द्रा सिस्नेरोस यांची ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) ही कादंबरी आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन एकत्र वाचताना वाङ्मयप्रकाराचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. तथापि शिकागोच्या वस्तीत वाढणारी मेक्सिकन-अमेरिकन एस्पेरान्सा आणि रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावची दलित मुलगी या दोघींची घडण ज्या लज्जेतून होते, तिची तुलना करण्यास हा भेद आड येऊ नये. खरा धोका या दोन लज्जा एकच मानण्यात आहे.

एस्पेरान्साची लज्जा घराशी बांधलेली आहे. मँगो स्ट्रीटवरचे घर कुटुंबाच्या मालकीचे असले, तरी आईवडिलांनी वर्णिलेले ते घर नव्हे. शाळेतील मुख्य नन खिडकीतून मोडकळीस आलेल्या काही इमारतींकडे बोट दाखवतात, आणि ते आपले घर नाही हे ठाऊक असूनही मुलगी मान डोलावते. चव्वेचाळीस छोट्या प्रकरणांच्या या कादंबरीत हा प्रसंग कळीचा ठरतो. परक्याने दाखवलेला पत्ता ती स्वीकारते, कारण बाहेरच्या नजरेला गरिबांचे एक घर दुसऱ्यासारखेच दिसते. म्हणूनच तिच्या स्वप्नालाही घराचाच आकार येतो. कोणा पुरुषाचे नव्हे, स्वतःचे घर. पत्ता बदलता येतो, ही श्रद्धा त्यामागे आहे.

‘आयदान’मधील मुलगी दुसऱ्यांच्या उंबरठ्याबाहेर घडते. आईने विणलेली आयदाने ती गिऱ्हाइकांकडे पोचवते. तिला बाहेर उभे करून आयदानांवर पाणी शिंपडले जाते, पैसे वरून हातात टाकले जातात. येथे पत्ता चुकण्याची सोयच नाही. जात माणसाबरोबर मुंबईपर्यंत चालत येते.

स्त्रियांच्या चित्रणात हे अंतर अधिक वाढते. एस्पेरान्साची पणजी खिडकीशी बसून आयुष्य काढते. राफाएलाला नवरा कोंडून ठेवतो. सॅली आठवीपूर्वीच लग्न करून घरात अडकते. या स्त्रियांचे नाते मराठीत विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधील (१९३३) मध्यमवर्गीय तरुणींशी जुळेल. फणसवळ्याच्या बायका मात्र डोक्यावर भारे घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीचा बाजार गाठतात, आणि असल्या आडगावी वस्ती करणाऱ्या मूळपुरुषाला शिव्याशाप देतात. बाहेर पडणे ही त्यांची रोजची सक्ती आहे. घराबाहेर पडण्याला स्त्रीवादी समीक्षेने सरसकट दिलेले मुक्तीचे मूल्य येथे तपासून घ्यावे लागते.

परतण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी परत ये, असे तिघी बहिणी एस्पेरान्साला बजावतात. हे ऋण भविष्यकाळावर सोपवून कादंबरी संपते, आणि जडणघडणीच्या कादंबरीला ते साजेसेच आहे. पवारांचे निवेदन लग्न, नोकरी, एम. ए., चळवळ, मुलाचा मृत्यू असे पुढे जात राहते. घडण नेमकी कोठे पूर्ण झाली, हे सांगता येत नाही. आईच्या विणकामात आणि आपल्या लेखनात त्या एकच वीण पाहतात. पाणी शिंपडून घेतल्या जाणाऱ्या त्या वस्तूचेच नाव त्यांनी पुस्तकाला दिले आहे.