कनेक्टेड गाडी : कोणाशी जोडलेली?

जागतिक मोटार उद्योगाने गेल्या दीड-दोन दशकांत एक विशेषण चांगलेच रुळवले आहे. ते म्हणजे 'कनेक्टेड'. भारतीय बाजारात या विशेषणाचे वर्ष २०१९. त्या वर्षी मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आणि जूनमध्ये एमजीची हेक्टर बाजारात आली. दोन्ही गाड्यांत कारखान्यातच सिमकार्ड बसवलेले होते. हेक्टरची तर जाहिरातच 'इंटरनेट कार' अशी होती. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी हीच वाट धरली. आज गाडीच्या माहितीपत्रकात इंजिनाच्या ताकदीइतकीच जागा पडद्याला, अ‍ॅपला आणि बोलक्या सहायकाला मिळते. काही गाड्यांना मराठीतूनही हुकूम देता येतो.

या तंत्रज्ञानाची ओळख करून देणारे लेखन मराठीत बरेच झाले आहे. त्यातले बहुतेक माहितीपत्रकाचाच सूर लावते. त्याची समीक्षा मात्र फारशी होत नाही. वास्तविक समीक्षेची सुरुवात शब्दापासूनच व्हायला हवी. मराठीत 'जोडणे' हे क्रियापद एकटे उभे राहत नाही. काय जोडले, याच्या पाठोपाठ कोणाशी जोडले, हा प्रश्न येतोच. 'जोडलेली गाडी' म्हटले की ऐकणारा थांबतो आणि वाक्य पुरे होण्याची वाट पाहतो. उद्योगाने इंग्रजी विशेषण जसेच्या तसे उचलले आणि हा प्रश्न सोयीने गाळला. या लेखात तो परत विचारायचा आहे, आणि तो विचारण्यासाठी उभे राहायची जागा आहे बुलढाणा जिल्ह्यातले हिवरा आश्रम.

गाडीच्या पोटातील जाळे

आधी यंत्राची रचना पाहू. आजच्या मोटारीत अनेक छोटे संगणक असतात. कोणी ब्रेक सांभाळतो, कोणी इंजिनातले इंधन, तर कोणी एअरबॅग. हे संगणक आपसांत बोलावेत म्हणून बॉश कंपनीने १९८६ मध्ये 'कॅन' नावाची सामाईक तारव्यवस्था जगापुढे मांडली. ही गाडीच्या आतली जोडणी. तिने तारांचे भेंडोळे कमी केले, दोष शोधणे सोपे केले. तिच्याविषयी तक्रार करण्यासारखे फारसे काही नव्हते, कारण हे बोलणे गाडीबाहेर जात नव्हते.

बाहेरची जोडणी आली १९९६ मध्ये, जनरल मोटर्सच्या 'ऑनस्टार' सेवेबरोबर. अपघात झाला की गाडीतून मदत केंद्राशी संपर्क व्हावा, हा तिचा सुरुवातीचा गाभा होता. पुढे भ्रमणध्वनीचे जाळे वेगवान झाले, सिमकार्ड गाडीतच बसू लागले आणि माहिती कंपनीच्या दूरच्या संगणकांवर साठू लागली. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात दाबला, रात्री किती वाजता निघाली, हे सगळे त्यात आले.

या जोडणीचे फायदे खरे आहेत, ते नाकारून टीका करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चोरीची गाडी सापडते. बिघाडाची सूचना आधी मिळते. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी एक जीप चेरोकी दुरून, इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. तेव्हा कंपनीला सुमारे १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली, आणि ती दुरुस्ती पेन ड्राइव्हमध्ये घालून मालकांना टपालाने पाठवावी लागली. आज अनेक गाड्यांत अशी दुरुस्ती रातोरात हवेतून पोचते. पण त्याच घटनेने दुसरी बाजूही दाखवली. ज्या दारातून दुरुस्ती येते, त्याच दारातून चोर येऊ शकतो. आणि ज्याच्या हाती दाराची किल्ली आहे तो कंपनीवाला तर कधीही येऊ शकतो.

समृद्धी महामार्गाच्या कडेने

आता हिवरा आश्रमाकडे येऊ. मेहकर तालुक्यातले हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. दरवर्षी विवेकानंद जन्मोत्सवात इथे प्रचंड पंगत बसते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याच्या भाजीचा प्रसाद वाढला जातो. पंगतीच्या रांगांमधून ट्रॅक्टर चालवायचा म्हणजे पुढच्याकडे, मागच्याकडे आणि दोन्ही बाजूंच्या माणसांकडे सतत लक्ष ठेवायचे. ट्रॅक्टर, चालक, वाढपी आणि जेवणारा यांची ही जोडणीच आहे. तिला तंत्रज्ञान म्हणायची आपल्याला सवय नाही, एवढेच.

याच मेहकर आणि शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला हा रस्ता कनेक्टेड गाडीचे जणू स्वप्नच. सिग्नल नाही, चौक नाही, आडवे येणारे गुरू-वासरू नाही.

या रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते, त्यांतले २५ गेले. बस दाराच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडायची वाट बंद झाली. जे वाचले ते काच फोडून निघाले.

कनेक्टेड तंत्रज्ञानाच्या प्रत्येक दाव्याची परीक्षा अशा ठिकाणी घ्यायला हवी. अपघाताची खबर दोन सेकंदांत उपग्रहामार्फत कुठल्याशा केंद्रात पोचली, तरी दार उघडत नाही. खबर पोचणे हा अर्धा भाग, मदत पोचणे हा उरलेला अर्धा. आणि या दुसऱ्या अर्ध्या भागाबाबत समृद्धीची रचनाच विचित्र आहे. रस्ता बंदिस्त आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आणि भिंती आहेत. वेगासाठी ते आवश्यकही आहे. पण कोणत्याही अपघातात सगळ्यांत आधी धावतात ती जवळच्या शिवारातली माणसे, आणि इथे तेच शिवार रस्त्यापासून तोडलेले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले. कायद्याने शेजाऱ्याचा हात मोकळा केला आणि रस्त्याने त्याच्यापुढे भिंत उभी केली. त्या भिंतीच्या आतून धावणारी गाडी मात्र 'कनेक्टेड'!

समृद्धीवरच्या अपघातांच्या चर्चेत दोन कारणे पुन्हा पुन्हा आली : सरळसोट रस्त्यामुळे चालकाला येणारी गुंगी आणि टायर फुटणे. त्यावर परिवहन विभागाने काय केले? महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासायला आणि चालकांशी बोलायला माणसे उभी केली. टायरमधील हवेचा दाब सांगणारे साधन आज अनेक गाड्यांत असते, चालकाची डुलकी ओळखणारे कॅमेरेही काही महागड्या गाड्यांत असतात. परंतु रात्रीच्या वेळी त्या रस्त्याने जाणारा सामान्य प्रवासी असतो बसमध्ये, आणि मालाची ने-आण होते जुन्या ट्रकांतून. जोडणीची किंमत गाडीच्या किमतीत मिसळलेली असल्याने ज्याला धोका जास्त, त्याच्यापर्यंत ती सगळ्यांत उशिरा येते.

झोपलेले यंत्र, जागे यंत्र

मग जोडणी कशी असावी? एक नमुना युरोपात आहे. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात मान्यतेसाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीच्या नमुन्यात 'ई-कॉल' सक्तीचे झाले. हे उपकरण एरवी झोपलेले असते. एअरबॅग उघडली, किंवा कोणी बटण दाबले, की ते जागे होऊन ११२ ला फोन लावते आणि मोजकीच माहिती देते : वेळ, ठिकाण, गाडीची दिशा, गाडीची ओळख. रोजच्या प्रवासाचा माग त्याने ठेवायचा नाही, असे कायद्यातच आहे. शिवाय दुसऱ्या टोकाला फोन उचलणारी सरकारी यंत्रणा बांधील आहे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एआयएस-१४० हे मानक. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर सार्वजनिक वाहनांतील सुरक्षेची जी चर्चा झाली, तिच्यातून ही तरतूद आली. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारे उपकरण आणि संकटसमयीचे बटण बंधनकारक झाले. मानक प्रसिद्ध झाले ते पुण्याच्या एआरएआय संस्थेकडून. कागदावर ते चोख आहे. पण बटणाचे मोल ते दाबल्यावर कोण धावते यावर ठरते, बटण बसवले आहे की नाही यावर नव्हे. वाहन योग्यतेच्या तपासणीत उपकरण पाहिले जाते. त्याच्या हाकेला ओ देणाऱ्याची तपासणी तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

याउलट बाजारातली कनेक्टेड गाडी कधीच झोपत नाही. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांतून चालकांच्या सवयींची माहिती दलाल कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांकडे जात होती. काहींचा हप्ता वाढला, तेव्हा कुठे त्यांना हे कळले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी माहिती पत-अहवाल देणाऱ्या संस्थांना पुरवण्यावर पाच वर्षे बंदी घालणारा आदेश पुढे आणला. गाडीचे नेमके ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांनी नोंदले जात होते, असा आयोगाचा आरोप होता. ज्या ऑनस्टारची सुरुवात अपघातातल्या मदतीच्या वचनाने झाली होती, तीच ही सेवा. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशनने २५ मोटार कंपन्यांची खासगीपणाची धोरणे तपासली होती. पंचवीसच्या पंचवीस नापास झाल्या.

हा प्रश्न केवळ मोटारवाल्यांचा आहे, असे हिवरा आश्रमच्या शेतकऱ्याने समजू नये. महिंद्राने २०१६ मध्ये 'डिजीसेन्स' आणले, ते ट्रॅक्टरसाठीही होते. मे २०२२ मध्ये युक्रेनमधून बातमी आली की मेलिटोपोलच्या एका विक्रेत्याकडून रशियन सैनिकांनी पळवलेले जॉन डिअरचे ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रे पार चेचन्यात पोचली, पण दुरूनच कुलूपबंद केल्याने सुरू होईनात. जगाने टाळ्या वाजवल्या. परंतु जे कुलूप चोराला लागते ते मालकालाही लागू शकते. सोयाबीन काढणीला आले आहे, आभाळ भरून आले आहे आणि हप्ता थकला आहे, अशा दिवशी त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असेल, हे ट्रॅक्टर घेतानाच विचारायला हवे.

संमतीची भाषा

उद्योगाचे यावर एक ठरलेले उत्तर असते : ग्राहकाची संमती घेतलेली आहे. ही संमती म्हणजे गाडीची किल्ली हातात घेताना, पेढे वाटले जात असताना, पडद्यावर दाबलेले एक बटण. त्यामागचा मजकूर लांबलचक आणि कायदेशीर इंग्रजीतला. ज्या गाडीला 'काच खाली कर' असे मराठीत सांगता येते, तीच गाडी आपल्याविषयी काय काय साठवते हे मराठीत सांगत नाही. मराठी इथे फक्त हुकूम देण्यापुरती आहे. हक्क सांगण्याची वेळ आली की भाषा बदलते.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांचा अवधी ठेवला आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, असे या कायद्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. म्हणजे आता ही सूचना मराठीत लिहावी लागेल. ती कोण लिहिणार? यंत्राने केलेले, कोणालाच न कळणारे भाषांतर समोर ठेवले तर कायदा पाळला जाईल आणि संमती मात्र पूर्वीसारखीच पोकळ राहील. 'आपली गाडी कुठे कुठे गेली याची नोंद आम्ही ठेवतो आणि ती अमुक अमुक कंपनीला देतो' इतके साधे वाक्य मराठीत लिहिता येते. ते लिहिले जावे असा आग्रह धरणे हे भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे, अभियंत्यांचे नव्हे.

जोडणीचा आपला अनुभव

या टीकेवर 'तुम्हाला मागे जायचे आहे' असा आक्षेप येईल. तसे नाही. मागे पाहायचे ते एवढ्यासाठी, की जोडलेल्या वाहनाचा आपला अनुभव सिमकार्डाच्या आधीचा आहे. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल घरची वाट सोडत नसत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे तिच्यातून माणसांबरोबर वर्तमानपत्रे गेली, औषधे गेली, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे गेले. डबा कोणाचा आणि कुठे द्यायचा हे वाहकाला माहीत असे. ही माहितीच होती, पण ती ज्याची होती त्याच्याच कामासाठी वापरली जात होती. वाहक ती कोणाला विकत नव्हता.

नव्या तंत्रज्ञानाकडून मागायचे ते हेच. मोजक्या शब्दांत ते असे मांडता येईल. जीव वाचवणारी जोडणी सक्तीची असावी, ती आधी बस-ट्रकांत यावी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला उत्तर देणारा माणूस असावा. बंदिस्त महामार्गाच्या कुंपणात ठराविक अंतरावर मदतीसाठी उघडणारी दारे असावीत आणि ती कुठे आहेत हे जवळच्या गावांना माहीत असावे. व्यापारासाठीची जोडणी ऐच्छिक असावी, ती बंद केल्याने गाडीची सुरक्षितता कमी होऊ नये. आणि संमतीचा कागद मेहकरच्या बाजारात ट्रॅक्टर घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला विक्रेत्याच्या मदतीशिवाय वाचता यावा. हे चार निकष लावले तर आज 'कनेक्टेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या किती गाड्या त्या नावाला पात्र ठरतील, हे प्रत्येक ग्राहकाला स्वतःच तपासता येईल.