पाच ग्रॅमचा वाद

काही वस्तू आपल्याकडे घरोघर पोचण्याआधी त्यांच्याविषयीचे वाद पोचतात. कॉफीच्या कॅप्सूलचे तसेच झाले आहे. लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढी ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची डबी, तिच्यात एका कपापुरती दळलेली कॉफी. डबी यंत्रात घालून कळ दाबायची. यंत्र तिला भोके पाडते, दाबाखाली गरम पाणी आत सोडते आणि थोड्याच वेळात कप भरतो. मग ओल्या चोथ्यासकट डबी कचऱ्यात. नेस्ले कंपनीतील अभियंता एरिक फाव्र यांच्या या कल्पनेचे पेटंट १९७६ सालचे. नेस्प्रेसो ही कंपनी १९८६ साली निघाली. अमेरिकेतील ‘के-कप’ या प्लॅस्टिकच्या डबीमागे जॉन सिल्व्हन यांचे डोके होते, आणि २०१५ साली त्यांनी स्वतःच आपल्या शोधाबद्दल खंत बोलून दाखवली.

पर्यावरणाच्या निबंधात खलनायक म्हणून उभी करायला इतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. घोटभर कॉफीसाठी एक डबी, आणि ती टिकणार कितीतरी वर्षे! परंतु जानेवारी २०२३ मध्ये या निबंधाला उलटे वळण मिळाले. कॅनडातील क्वेबेक विद्यापीठाच्या शिकूतिमी येथील संशोधकांनी सर्वसामान्य वाचकांसाठीच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ या प्रकाशनात एक लेख लिहिला, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा केला: गाळलेल्या कॉफीपेक्षा कॅप्सूलची कॉफी पर्यावरणाला बरी. काल ‘वाईट’ म्हणून शिकवलेली गोष्ट आज ‘चांगली’ निघाली, तर उद्या वर्गात कोणी विद्यार्थी विचारणारच, की मग तुमचे कोणते खरे? ‘शास्त्रज्ञ रोज मत बदलतात’ एवढेच त्याच्या मनात राहिले तर नुकसान कॉफीपुरते राहत नाही. म्हणून हा हिशेब आम्ही थोडा उलगडून पाहिला.

लेखकांनी २८० मिलिलिटर कॉफी हे तुलनेचे एकक धरले आहे. गाळण्याच्या यंत्रात तेवढ्या कॉफीला २५ ग्रॅम भुकटी लागते, कॅप्सूलमधून १४ ग्रॅममध्ये काम होते. वाचलेली ११ ग्रॅम कॉफी ब्राझीलमध्ये पिकवताना ५९ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडच्या तोडीचे वायू हवेत गेले असते. उलट कॅप्सूल बनवणे आणि शेवटी ती कचऱ्यात पुरणे यांचा भार २७ ग्रॅम. ५९ वाचले, २७ खर्च झाले; कॅप्सूल जिंकली.

या लेखाचे श्रेय आधी देऊन टाकू. डोळ्यांना दिसणारा कचरा आणि खरा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो चांगले दाखवतो. कॉफीच्या कपाचा मोठा भार मळ्यातल्या खतांत, सिंचनात आणि कीटकनाशकांत असतो. डबी हातात असते म्हणून आपण तिच्यावर चिडतो. वेष्टनाला शिव्या देऊन आतला माल वाया घालवणाऱ्याने हे वाचायलाच हवे.

पण आता तेच आकडे घेऊन एक भागाकार करा. ५९ ला ११ ने भागले की कॉफीच्या एका ग्रॅममागे सुमारे ५.४ ग्रॅम येतात. कॅप्सूलचे २७ ग्रॅम म्हणजे मग केवळ पाच ग्रॅम कॉफीचा भार, मोठ्या चमच्यात मावेल इतकीच भुकटी. १४ मध्ये ५ मिळवा. गाळणाऱ्याने २५ ऐवजी १९ ग्रॅम भुकटी घातली, की कॅप्सूलचा फायदा शून्यावर येतो. त्याहून कमी घातली तर ती हरते. (पाणी तापवण्याची वीज या भागाकारात धरलेली नाही.) सारा वाद या पाच ग्रॅमचा आहे. आणि २५ हा काही पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा निसर्गाचा आकडा नव्हे. कोणाला कडक आवडते, कोणाला फिकी. कॅप्सूलमध्ये दाबामुळे अर्क अधिक उतरतो हे खरे, पण १४ ग्रॅमची आणि २५ ग्रॅमची कॉफी चवीला सारखी असते का, हे ‘२८० मिलिलिटर’ या एककात दिसत नाही. एकक निवडताना निम्मा निकाल ठरून जातो, हे गणिताच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

लेखकांनीच पुढे म्हटले आहे, की माणसे वीस टक्के कॉफी जास्त घालतात, झटपट कॉफीसाठी दुप्पट पाणी तापवतात, आणि तसे झाले की कॅप्सूल सर्वांत बरी ठरते. नेमके माप वापरले तर झटपट कॉफीचा भार सर्वांत कमी. म्हणजे कॅप्सूलचा गुण तो कोणता? मोजून देणे. हे काम चमचाही करतो, आणि तो धुऊन पुन्हा वापरता येतो. शिवाय यंत्राची सोय झाल्यामुळे लोक दुप्पट कॉफी प्यायला लागले तर फायदा बुडतो, हेही त्याच लेखात आहे. मथळ्यांत ते वाक्य आले नाही. तसे ते कधी येतही नाही.

दुसरा आक्षेप तराजूचा. कार्बन हा एक तराजू आहे, एकमेव नव्हे. ॲल्युमिनियमच्या एका कॅप्सूलचे वजन साधारण एक ग्रॅम. नवे ॲल्युमिनियम विद्युत-अपघटनाने मिळवायला किलोमागे सुमारे १४ युनिट वीज लागते. ग्रॅमला १४ वॉट-तास, म्हणजे ५० किलोज्यूल. तेवढ्या ऊर्जेत २५ अंशांचे सुमारे १६० मिलिलिटर पाणी उकळीला येते. एक डबी फेकणे म्हणजे कपभर उकळते पाणी मोरीत ओतणे! आणि ही झाली फक्त वीज. एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण चार टन बॉक्साइट खणावे लागते. कोल्हापूरच्या सड्यांवरील बॉक्साइटच्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा भार ग्रॅममध्ये सांगून पटणार नाही. जर्मनीतील हँबुर्ग शहराने २०१६ साली सरकारी पैशाने कॅप्सूल घेण्यास बंदी केली, तेव्हा त्यांचे गणित साधे होते: सहा ग्रॅम कॉफीसाठी तीन ग्रॅम वेष्टन. कार्बनच्या हिशेबाने ते अपुरे आहे, पण ज्या नगरपालिकेला कचरा उचलावा लागतो तिच्या दृष्टीने चूक मुळीच नाही.

जुने ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जा पुरते, म्हणून कंपन्या पुनर्वापरावर भर देतात. पण ‘पुनर्वापर होऊ शकतो’ आणि ‘होतो’ यांत अंतर आहे. चोथ्याने भरलेली इवलीशी डबी कचरा निवडणाऱ्या यंत्रांच्या चाळणीतून निसटते. के-कप विकणाऱ्या केयुरिग कंपनीला तिच्या डब्या पुनर्वापरयोग्य असल्याच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल कॅनडात २०२२ साली तीस लाख डॉलर दंड भरावा लागला; क्वेबेक आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांबाहेर बहुतेक नगरपालिका त्या डब्या घेतच नव्हत्या.

आणि या सगळ्या तुलनेत आपला कप कुठे आहे? दाक्षिणात्य पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरला ना कॅप्सूल लागते, ना कागद. पण आपण कॉफीत दूध घालतो. दुधाचा भार, जागतिक सरासरीने, लिटरमागे सुमारे तीन किलो धरतात. शंभर मिलिलिटर दूध म्हणजे ३०० ग्रॅम. कॅप्सूलच्या २७ ग्रॅमच्या दहापटीहून अधिक. आम्ही दूध सोडा म्हणत नाही. हा आकडा ऐकून कॅप्सूलला निर्दोष ठरवणेही बरोबर नाही, कारण दुधातून बॉक्साइटची खाण निघत नाही.

वर्गात यासाठी कॅप्सूल आणण्याची गरज नाही. आठवीच्या मुलांना वरचे चार आकडे फळ्यावर द्यावेत आणि २५ च्या जागी २२, १९, १६ घालून निकाल कुठे फिरतो ते त्यांनाच शोधू द्यावे. नंतर शिक्षकखोलीतला चहा घ्यावा. एक आठवडा अंदाजाने चहा करायचा, पण पातेल्यात घातलेले पाणी, पावडर आणि शेवटी उरलेला चहा यांची नोंद ठेवायची. पुढचा आठवडा माणसे मोजून, कपाने पाणी आणि चमच्याने पावडर. प्रयोगशाळेतील तराजू चमचाभर पावडरीला पुरतो. जास्तीचे तापवलेले पाणी लिटरमागे सुमारे ३१४ किलोज्यूल या दराने मुलांना मांडता येईल. पातेले जाड असेल तर तेही तापते, हा मुद्दा एखादा विद्यार्थी काढेलच. त्याला पातेल्याचे वजन करायला पाठवावे.