बोधचिन्हातला माणूस

व्यंगचित्रकाराने नाक लांब काढले म्हणून रागावू नये, अतिशयोक्ती हा त्या कलेचा धर्मच आहे, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. पुढाऱ्यापुरते हे मान्य करता येईल. त्याच्याजवळ सत्ता असते, तो उत्तर देऊ शकतो. पण ते नाक एका अख्ख्या समाजाचे असेल तर? अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचे बोधचिन्ह या प्रश्नाच्या कसोटीवर तपासण्यासारखे आहे.

हा संघ १९१५ पासून ‘इंडियन्स’ या नावाने खेळू लागला. १९३२ साली ‘प्लेन डीलर’ या दैनिकात फ्रेड रायनर्ट या व्यंगचित्रकाराने ‘लिटल इंडियन’ काढला. संघ जिंकला की तो खुशीत असे, हरला की मार खाऊन आलेला दिसे. वाचकाला निकाल एका नजरेत कळे. कल्पना चतुर होती, यात शंका नाही. पण रोज हसण्याची सवय जडली की अन्याय दिसेनासा होतो.

१९४७ साली वॉल्टर गोल्डबाक या सतरा वर्षांच्या मुलाने संघासाठी बोधचिन्ह काढले. त्यातला पिवळसर चेहरा १९५१ साली लालभडक झाला. बत्तिशी तशीच राहिली. हाच तो ‘चीफ वाहू’. कुणाला दुखवण्याचा हेतू नव्हता, असे गोल्डबाकने पुढे सांगितले. तसे असेलही. पण हेतू शुद्ध होता एवढ्यावर समीक्षेला थांबता येत नाही. जातीचा व्यवहारही बहुतांशी सवयीनेच चालतो. शिवाय वर्तमानपत्रातले चित्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, बोधचिन्ह मात्र पिढ्यान्‌पिढ्या टोपीवर मिरवते.

१९७२ साली, म्हणजे आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, क्लीव्हलँडमधील मूलनिवासी या चिन्हाविरुद्ध न्यायालयात गेले. चिन्ह गणवेशावरून उतरले ते २०१९ च्या हंगामात. २०२२ पासून संघ ‘गार्डियन्स’ झाला.

याच शहरात १८९७ साली लुई सॉकालेक्सिस हा पेनॉबस्कॉट जमातीचा खेळाडू व्यावसायिक संघात खेळला आणि प्रेक्षकांची हेटाळणी सोसत राहिला. जवळपास त्याच काळात पुण्यात पालवणकर बाळूंची गोलंदाजी सवर्णांच्या संघाला हवी होती. चहा मात्र त्यांना वेगळा, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. दोन्हीकडे कसब हवे होते, माणूस नको होता.

म्हणून बोधचिन्ह पाहताना रेषेच्या सफाईआधी विचारावे : पेन्सिल कुणाच्या हातात होती? ज्याचा चेहरा काढला, त्याला कुणी विचारले होते काय? धायरीसारख्या उपनगरांतली आपली पोरे आज टेनिस चेंडूच्या स्पर्धांसाठी टी-शर्टवर वाघ, सिंह, तलवारी छापून घेतात. चेंडू सोडण्याच्या क्षणीचा बाळूंचा डावा हात हेही चिन्ह होऊ शकते. ते आपल्या चित्रकारांनी काढावे. त्याला बत्तिशी दाखवण्याची गरज नाही.